काखेत कळसा आणि हातात स्क्रिप्ट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत गेमवाल्या रोमान्स मांगांवर, म्हणजे व्हिडिओ गेमच्या जगात घडणाऱ्या जपानी प्रेम-चित्रकथांवर, जो लेख आलाय तो वाचला. आपण गेममध्ये आहोत हे पात्रांनाच कळलं की मग प्रेमात दम काय राहिला, पुढचं सगळं पाठच असणार, असा एकूण सूर होता. लिहिणाऱ्याने एखादी तरी मालिका नीट वाचलीये का अशी शंका आली मला.

'माय नेक्स्ट लाइफ अ‍ॅज अ व्हिलनेस' घ्या. सातोरु यामागुचींची ही कथा आधी २०१४ मध्ये नेटवर आली, मग नामी हिदाकांनी तिची मांगा काढली. आठ वर्षांची कॅटरिना डोक्यावर आपटते आणि तिला मागचा जन्म आठवतो, की अरे हा तर मी रात्र रात्र जागून खेळायचे तोच गेम, आणि मी नायिका नाही, खलनायिका! शेवट काय, तर हद्दपारी नाहीतर मरण. मग बाई कामाला लागते. तलवार शिकते, वाफ्यात भाजी लावते, आणि राजपुत्राला साप आवडत नाहीत एवढं कळल्यावर खोटे साप बनवत बसते, उद्या त्याने तलवार उपसलीच तर अंगावर फेकायला. एक जमला नाही की दुसरा, पार खरा वाटेपर्यंत.

आणि तोच राजपुत्र तिच्यावर जीव टाकतोय! दत्तक भाऊ कीथ गेममध्ये एकटा पडून वाया जाणार असतो, इथे ही त्याला एकटं पडूच देत नाही, तोही गुंततो, मग मैत्रिणीसुद्धा, म्हणजे वाचणाऱ्या प्रत्येकाला दिसतंय, फक्त हिला नाही, कारण हिचं सगळं लक्ष स्क्रिप्टकडे. काखेत कळसा नि गावाला वळसा. म्हणजे गेम माहीत असणं हा इथे चीट कोड, जिंकायची चोरवाट, नाहीच, डोळ्यावरची झापड आहे. लेखात यावर एक ओळ नाही.

आता नायक-नायिका दोघांनाही आपण गेममध्ये आहोत हे माहितीये असं धरा. तो म्हणाला 'तू मला आवडतेस', तर हे तो बोलतोय की त्या रूटवर, म्हणजे गेमने आखलेल्या त्याच्या गोष्टीच्या वाटेवर, हे वाक्य येतंच म्हणून आलं? तिला कळेना, आणि त्यालाही स्वतःबद्दल खात्री नाही. मला तर साध्या लव्हस्टोरीपेक्षा हे जास्त छळतं, कारण तिथे समोरच्यावर संशय असतो, इथे स्वतःवरच.

अजून एक. असल्या खलनायिका ओटोमे गेममध्येच भरलेल्या असतात असं लेखात आहे, ते चूक. मुलींसाठीचे हे डेटिंग गेम १९९४ च्या 'अँजेलिक'पासून आहेत, कोएई कंपनीचा, सुपर फॅमिकॉम या गेम मशीनवर, पण खऱ्या गेममध्ये असली खलनायिका क्वचितच सापडते. भरसभेत तिचं ठरलेलं लग्न मोडतात, तिचा पाणउतारा करतात, तो सीन वेब कादंबऱ्यांनी रुजवला. म्हणजे ज्या गेमची नक्कल म्हणून नावं ठेवलीत तसला गेम बहुतेक नाहीच!

बाकी मांगाला 'जपानी कार्टून' म्हटलंत ते सोडून देतो, सवय झालीये. पण नमुना म्हणून जे पान छापलंय त्यातली चित्रं तुम्ही डावीकडून उजवीकडे लावलीत. मांगा उजवीकडून वाचतात हो. आता तिने विचारायच्या आधीच तो उत्तर देऊन बसलाय.

आपला,
एक वाचक