अपडेटनंतर अटॅचमेंट सेव्ह व्हायला मिनिटभर लागतंय आणि तुम्ही तक्रार बंद करून टाकलीत

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

नमस्कार,

तुमचा मेलचा प्रोग्राम आम्ही सहा वर्षं वापरतोय, दरवर्षी वेळेवर रिन्यू करतो, आजवर एकदाही तक्रार केली नव्हती. पण या महिन्यात जे झालं त्याचा खरंच खूप त्रास झालाय म्हणून सविस्तर लिहितेय, कृपया पूर्ण वाचा.

माझं नारायण पेठेत टॅक्सचं छोटं ऑफिस आहे, मी आणि दोन मुली, तीन कॉम्प्युटर. भोसरी, चाकणकडचे वर्कशॉपवाले बिलं मेलनेच पाठवतात, एकेका मेलला आठ-दहा पीडीएफ, ती सेव्ह करून पार्टीच्या फोल्डरला टाकायची आणि नोंदी करायच्या, दिवसभर हेच काम. ४ तारखेला तुमचं अपडेट आपोआप पडलं आणि तेव्हापासून 'सेव्ह ॲज' दाबलं की गोल फिरत बसतं, स्क्रीन पांढरी होते, वर 'नॉट रिस्पॉन्डिंग'. आमच्या मुलीने मोबाईलवर स्टॉपवॉच लावून मोजलं, ५२ सेकंद. फाईल केवढी, तर ११० केबी. त्या दिवशी ६० बिलं होती, म्हणजे नुसतं बघत बसण्यात ५२ मिनिटं गेली.

आमचं काम तारखेवर चालतं हो. जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या बिलांचं रिटर्न, ११ तारखेच्या आत गेलं नाही तर १४ तारखेला माल घेणाऱ्या पार्टीच्या २बी मध्ये, म्हणजे टॅक्सची वजावट दाखवणाऱ्या यादीत, ते बिल येत नाही, त्याचं क्रेडिट (ती वजावट) पुढे ढकललं जातं आणि तो माझ्या क्लायंटचं पेमेंट अडवून ठेवतो. क्लायंटला कामगारांचे पगार द्यायचे असतात. १० तारखेला आम्ही तिघी रात्री साडेदहापर्यंत ऑफिसात होतो, त्यातल्या एकीचं लेकरू घरी तापाने फणफणलेलं होतं.

हेल्पलाईनला तीनदा फोन केला. पहिल्यांदा म्हणे मॅडम तुमचं नेट स्लो आहे. अहो पण तीच फाईल डबल क्लिक केली की लगेच उघडते, मग नेटचा काय संबंध? दुसऱ्यांदा मी बोलता बोलता म्हटलं की इकडे गुरुवारी लाईट जाते, तर लगेच लाईटमुळे फाईल करप्ट झाली असेल. तिसऱ्यांदा माणूस पाठवलात, त्याने दहा मिनिटं बघून सांगितलं फॉरमॅट मारावं लागेल, आणि ६०० अधिक १८ टक्के जीएसटी असे ७०८ रुपये घेऊन गेला. नेटवर्क ड्राईव्ह (दुसऱ्या कॉम्प्युटरचे फोल्डर आपल्या मशीनवर जोडलेले) लावलेत का, एवढं एक जरी तिघांपैकी कोणी विचारलं असतं तरी झालं असतं.

शेवटी मीच शोधलं. मेलमधली फाईल माऊसने ओढून डेस्कटॉपवर टाकली तर झटक्यात पडते हे आधी लक्षात आलं, म्हणजे फाईल सेव्ह व्हायला वेळ लागतच नव्हता, कुठे सेव्ह करायची ती विंडो उघडायला लागत होता. मग लॅनची (ऑफिसातले कॉम्प्युटर जोडणारी) वायर काढून बघितली तर विंडो लगेच उघडली, वायर लावली की परत ५२ सेकंद. 'माय कॉम्प्युटर' मध्ये वाय ड्राईव्हवर लाल फुली दिसली, तो दिवाळीत भंगारात काढलेल्या जुन्या मशीनचा होता. राइट क्लिक करून डिसकनेक्ट केला आणि विंडो ३ सेकंदात उघडली. दुसऱ्या मशीनवरही तसंच केलं, तेही सुटलं.

आता म्हणाल मग चूक तुमच्याच ड्राईव्हची. पण तो मेलेला ड्राईव्ह दिवाळीपासून तिथेच होता आणि ४ तारखेपर्यंत काहीच अडत नव्हतं! म्हणजे नवीन अपडेटमध्ये ती विंडो उघडायच्या आधी प्रत्येक ड्राईव्हला हाक मारून उत्तराची वाट बघत बसते, असं मला स्पष्ट दिसतंय. आणि तिसऱ्या मशीनला तर मी काढावा असा ड्राईव्हच नाही, तिचा ड्राईव्ह चालू आहे, स्कॅनिंगच्या कॉम्प्युटरचा, पण तो कॉम्प्युटर स्लीपला गेला की हिची विंडो परत अडकते.

एवढं सगळं मी मेलने कळवलं, तर दुसऱ्या दिवशी तुमच्याकडून माझं तिकीट, म्हणजे नोंदवलेली तक्रार, 'सोडवली' म्हणून बंद. कोणी सोडवली? मला सगळ्यात जास्त वाईट त्याचंच वाटलं.

तर माझं म्हणणं असं की तिकीट परत उघडा, विंडो आधी उघडू दे आणि ड्राईव्ह मागून शोधत बसू दे असा बदल करा, तोपर्यंत हा ड्राईव्ह काढायचा उपाय तुमच्या हेल्पलाईनच्या मुलांना तरी सांगून ठेवा, कारण माझ्यासारखी छोटी ऑफिसं पुण्यात गल्लोगल्ली आहेत आणि त्यांना कोणीतरी उगाच फॉरमॅट मारायला लावेल. ७०८ रुपयांची क्रेडिट नोट पण पाठवा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर ग्राहक हेल्पलाईनला १९१५ वर तक्रार नोंदवणार आहे.

तिसऱ्या मशीनला मी अजून हात लावलेला नाही, तुमच्या माणसाला डोळ्यांनी बघता यावं म्हणून तसंच ठेवलंय. २० तारखेला ३बी (टॅक्स भरायचं महिन्याचं रिटर्न) आहे, त्याच्या आधी पाठवा.

आपली,
सहा वर्षांची ग्राहक
नारायण पेठ, पुणे