उष्टावणाची वाटी

गिरगाव, मुंबई
श्रावणातला पहिला सोमवार

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

रोज रात्री नऊला तुझा फोन येतो. "आई, कशी आहेस?" तू विचारतोस, मी "बरी आहे रे" म्हणते आणि फोन बाबांच्या हातात देते. दोन खोल्यांचं घर, फोन स्पीकरवर, दार गॅलरीकडे उघडं. एवढ्यात आणखी काय बोलणार? म्हणून आज लिहायला बसले. बाबा बँकेत गेलेत, बाहेर पावसाने धरलंय, तासभर तरी कोणी येणार नाही.

आज ऑपरेशनला 32 दिवस झाले.

आधी मे महिन्यातलं बोलून टाकते, कारण ते आपल्या दोघांत अजून तसंच पडून आहे. तू म्हणाला होतास, "पोट कापून वजन कमी करायचं? रोज चाल, भात सोड, होईल कमी." तू काळजीने बोललास हे मला कळतं. पण बाळा, हे वाक्य मी तुझ्या जन्मापासून ऐकत आले. तू चौथीत होतास तेव्हा पहाटे पाचला उठून चौपाटीवर चालायला जायचे, आठवतं? रात्रीचं जेवण सोडलं होतं. त्या वर्षी 14 किलो उतरले आणि पुढच्या दीड वर्षात 17 चढले. गुडघे दाखवायला एका डॉक्टरांकडे गेले तर त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "बाई, आधी तोंडाला कुलूप लावा." घरी येऊन मी ते कोणाला सांगितलं नाही. आज तुला पहिल्यांदा सांगतेय.

या वेळच्या डॉक्टरांनी मात्र नीट समजावलं. खाणं कमी करून वजन उतरलं की शरीर त्याला दुष्काळ समजतं. ते भूक वाढवतं, खर्च आखडतं आणि गेलेलं परत जमवायच्या मागे लागतं. माझं वजन 112 किलो, उंची पाच फूट एक इंच, म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 47 च्या घरात. शिवाय साखर, रक्तदाब आणि झोपेत अडकणारा श्वास. विमा कंपनीच्या नियमातसुद्धा 40 च्या पुढे हे ऑपरेशन बसतं. मी लाड म्हणून काही केलं नाही, एवढंच तुला कळावं.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. पोटावर पाच छोटी भोकं. जठराचा उभा भाग कापून काढला, जवळजवळ 80 टक्के, आणि उरली ती केळ्याएवढी नळी. शुद्धीवर आले तेव्हा पोटापेक्षा खांदा जास्त दुखत होता. मला वाटलं टेबलावर हात वाकडा राहिला असेल. नर्सने सांगितलं, पोट फुगवायला आत कार्बन डायऑक्साइड भरतात, त्यातला थोडा उरतो आणि छातीखालच्या पडद्याला टोचतो, ते दुखणं खांद्यात येतं. चालल्याने ते बरं होतं. त्याच संध्याकाळी त्यांनी मला उभी केली. पायात गुठळी होऊ नये म्हणून चालायचं, छातीत कफ साचू नये म्हणून तीन चेंडूंच्या त्या यंत्रात श्वास ओढायचा. पहिल्या रात्री एकच चेंडू वर गेला.

घरी आल्यावर 14 दिवस पोटाच्या कातडीत इंजेक्शन घ्यायचं होतं, रक्त पातळ ठेवणारं. ते रोज तुझ्या बाबांनी दिलं. तुझ्या गुडघ्याला खरचटलं तरी तोंड फिरवणारा माणूस हा. पहिल्या दिवशी त्यांनी तीनदा हात धुतले, खिडकीशी जाऊन उभे राहिले, परत आले. मी डोळे मिटले तेवढ्यात टोचून झालंसुद्धा. नंतर रोज रात्री जेवण झालं की न सांगता डबा काढायचे. माझ्या पोटाला त्यांनी इतक्या हलक्या हाताने कधी स्पर्श केला होता ते मला आठवेना.

पहिले दोन आठवडे नुसतं पातळ. औषध मोजायचं ते छोटं माप असतं ना, 30 मिलिलिटरचं, ते भरून घ्यायचं आणि घोट घोट करत पंधरा मिनिटांत संपवायचं. मग परत भरायचं. दिवसाला दीड लिटर पोटात जायला हवं. मोबाइलवर अलार्म लावून मी पाणी पीत होते. नारळपाणी, डाळीचं गाळलेलं कढण, पातळ ताक आणि ती प्रोटीनची पावडर. तिच्या वासाने सुरुवातीला मळमळायचं, पण रोज निदान 60 ग्रॅम प्रथिनं गेली नाहीत तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. म्हणून नाक दाबून पीत होते.

भूक मात्र अजिबात लागली नाही. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक जठराच्या ज्या भागात जास्त तयार होतं तोच भाग काढलाय. चोपन्न वर्षांत पहिल्यांदा पोट गप्प बसलं. पण जीभ आणि मन गप्प बसत नाहीत, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. अकराव्या की बाराव्या दिवशी मी बाबांसाठी आमटी करत होते. तेलात मोहरी तडतडली, कढीपत्ता टाकला, चिंच-गुळाचा वास सुटला आणि मी ओट्याशी उभी राहून रडले. मला ती खायची नव्हती. ती आमटी इतक्या वर्षांची माझी सोबतीण होती रे. तुझी ताई सासरी गेली, तू बंगळुरूला गेलास, आजी गेली, प्रत्येक वेळी मी दुपारी एकटीने थाळा भरून आमटी-भात खाल्ला होता. आता तसं दुःख आलं तर कुठे ठेवायचं हे अजून मला उमगलेलं नाही. हॉस्पिटलमधल्या समुपदेशक बाईंनी दर पंधरा दिवसांनी बोलायला बोलावलंय. मी जाते. आधी वाटलं होतं, त्याची काय गरज.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. लग्न झाल्यापासून मी सगळ्यांच्या शेवटी जेवले आणि भांड्यात उरलेलं संपवलं. तुझ्या ताटातली अर्धी पोळी, आजीच्या वाटीतली खीर, रात्रीचा फोडणीचा भात. अन्न टाकायचं नाही हे माझ्या आईने शिकवलं, सासूबाईंनी शिकवलं, आणि ते खरंच आहे. पण भांडं रिकामं करायची जागा म्हणजे माझं पोट, हे कधी ठरलं? आता मी मोजून रांधते. तरी उरलं तर डबा करून खालच्या वॉचमनदादांना देते. पहिल्यांदा दिला तेव्हा हात जड झाला होता. तुम्हाला दोष द्यायला हे लिहीत नाहीये. तू लहान होतास, तुला काय ठाऊक. पण तुझं लग्न झालं की तुझ्या घरात शेवटी कोण जेवतं आणि काय जेवतं, तेवढं बघ.

चाळीत आम्ही सांगितलं होतं की पित्ताशयाचं ऑपरेशन आहे. तू आणि ताई, दोघांनी हेच सुचवलं होतं आणि मलाही ते सोयीचं वाटलं. मग दहाव्या दिवशी आषाढी आली. शेजारच्या काकू साबुदाण्याची खिचडी घेऊन आल्या, वर ओलं खोबरं पेरलेली. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, "अगं, पित्तासाठी म्हणून शेंगदाणे कमी घातलेत. दोन घास खा." मी पथ्याचं काहीतरी सांगितलं. त्या वाटी उचलून गेल्या आणि पुढे चार दिवस आल्या नाहीत. पावसामुळे माझं चालणं गॅलरीतच. या टोकापासून त्या टोकापर्यंत 42 पावलं, दिवसातून तीस-चाळीस खेपा, प्रत्येक खेपेला त्यांच्या दारावरून. शेवटी एका संध्याकाळी मी त्यांच्या उंबऱ्यात बसले आणि सगळं खरं सांगितलं. वाटलं, आता म्हणतील की हा सोपा मार्ग झाला. आपल्या नात्यातल्या एकीने तसं म्हटलंच होतं. काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "खूप दुखलं का गं?" हे मला त्यांच्याआधी कोणीच विचारलं नव्हतं. आता आम्ही दोघी मिळून चालतो. तेव्हा चाळीत खोटं सांगू नकोस, आपल्याला ते लागत नाही.

चोविसाव्या दिवशीची गोष्ट तुला फोनवर मुद्दाम सांगितली नाही. कुस्करलेलं पनीर खात होते. दारावर कुरियरवाला आला, म्हणून हातातला चमचा नीट न चावता गिळला आणि उठले. छातीच्या मधोमध कोणी मूठ आवळावी तसं झालं. तोंडात सारखी लाळ येत होती, फेस फेस. पाणी प्यावंसं वाटत होतं आणि प्यायचं नव्हतं. वीस मिनिटं बेसिनशी उभी होते, मग उलटी झाली आणि सुटले. बाबा पांढरेफटक पडले होते. हॉस्पिटलला फोन केला तर तिथल्या ताईंनी एकेक करून विचारलं: नाडी मिनिटाला 120 च्या वर आहे का, ताप आहे का, डाव्या खांद्यात किंवा पोटात वाढतं दुखणं आहे का, धाप लागतेय का. जठराला आतून पिनांची शिवण असते, ती कुठे गळली तर अशी लक्षणं येतात, आणि मग रात्र असो की पहाट, तडक हॉस्पिटल गाठायचं. माझी नाडी 88 होती. घास अडकला होता, एवढंच. पण उलट्या होतच राहिल्या तर त्याही अंगावर काढायच्या नाहीत. बी-वन जीवनसत्त्व कमी पडून नसांना आणि मेंदूला इजा होते, म्हणाल्या. बाबांनी हे सगळं लिहून कपाटाच्या आत चिकटवलंय. तूही लिहून ठेव, कारण असं काही झालं तर बाबा पहिला फोन तुलाच लावतील.

तेव्हापासून मी खाताना फक्त खाते. टीव्ही नाही, फोन नाही. घास पिठासारखा होईपर्यंत चावते. आधी डाळ, पनीर किंवा अंडं, भात असेल तर अगदी शेवटी. जेवताना पाणी नाही आणि जेवणानंतर अर्धा तास नाही.

वजन 101 झालंय. मधले आठ दिवस काटा जागचा हलला नाही, तेव्हा मी वेड्यासारखी रोज तीनदा काट्यावर चढत होते. आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं, तिसऱ्या आठवड्याच्या आसपास असं बऱ्याच जणांचं होतं, काटा कपाटात टाका आणि आठवड्यातून एकदाच काढा. साखरेची एक गोळी बंद झाली, दुसरी निम्मी. गुडघ्याच्या त्या जुन्या दुखण्याच्या गोळ्या मात्र आता घ्यायच्या नाहीत, त्यांनी जठरात व्रण पडतात. जिना उतरताना परवा कठड्याला हात न लावता आले. बी-ट्वेल्व्ह, लोह, कॅल्शियम, डी हे सगळं आता जन्मभर. झोपेत श्वास अडकू नये म्हणून लावायचा तो मास्क अजून लावते. त्याचं डॉक्टर पुढे ठरवतील.

आज श्रावणी सोमवार आणि मी उपास केला नाही. 29 वर्षांत पहिल्यांदा. संध्याकाळपर्यंत उपाशी राहणं आता मला चालणार नाही. सकाळी शंकराला बेल वाहिला, दिवा लावला आणि मग मुगाची डाळ खाल्ली. खाताना जीव खालीवर होत होता. आजी असती तर रागावली नसती, असं बाबा म्हणाले. मला आजीचा राग ठाऊक आहे, त्यामुळे तेवढ्याने मन मानलं नाही. पण डाळ पूर्ण खाल्ली.

आता दिवाळीचं. तू येशील तेव्हा माझे केस बरेच गळलेले दिसतील. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ते होतंच, पुढे येतात म्हणे. दार उघडताच चेहरा पाडू नकोस. फराळ मी करेन, काकू मदतीला आहेत, तुझी चकली होईल. फक्त "आई, एक घे ना" म्हणू नकोस, आणि माझ्या ताटात किती आहे हेही बघू नकोस. गप्पा मारत शेजारी बस, जेवायला मला अर्धा तास लागतो. आणि मे महिन्यात जे बोललास त्याची माफीबिफी मागत बसू नकोस.

गेल्या शुक्रवारी श्रावण लागला आणि त्याच दिवशी मला मऊ भात चालू झाला. लहान वाटीत, लहान चमच्याने खायचं असं सांगितलंय. बाबांनी कपाटातून तुझी उष्टावणाची चांदीची वाटी काढली, आजोळहून आलेली. काळी पडली होती, ती रांगोळीने घासून चकचकीत केली. तिच्यात चार मोठे चमचे मावतात, मला तेवढं पुरून उरतं. त्यांनी गुरगुट्या भात केला, वर वरण आणि तुपाचा थेंब. पहिला चमचा त्यांनीच माझ्या तोंडाशी धरला. तुला मामाने भरवलं होतं तेव्हा तू तो थुंकून टाकला होतास. मी तो इतका वेळ चावला की बाबा विचारायला लागले, आवडला नाही का? तोंडात घास होता, मला उत्तर देता येईना. खूप गोड लागत होता रे. ती वाटी सध्या मी वापरतेय, तुला सांगावं म्हणून लिहिलं.

अलार्म वाजला. डाळीनंतरचा अर्धा तास झाला, पाणी घ्यायचंय. बाबाही जिना चढताना ऐकू येतायत.

तुझी,
आई