खुडूक कोंबडीला उठवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोंबडी खुडूक बसली, म्हणजे अंडी घालणे थांबवून ती उबवायला बसून राहिली, की तिला गार पाण्यात बुडवायचे, नाकात पीस खुपसायचे किंवा पाय बांधून अंगणात टाकायचे, ही रीत आमच्या खानापूर तालुक्यातील खेड्यांत अजून दिसते. अंड्यांचा खाडा पडू नये एवढाच त्यामागे हेतू असतो, आणि गावठी कोंबडी वर्षाला जेमतेम ५०-६० अंडी देते हे पाहता तो समजण्यासारखाही आहे. परंतु तीच मंडळी पुढे आठवडी बाजारातून यंत्रात उबवलेली पिल्ले पैसे मोजून आणतात, हा हिशेब मला आजवर जुळलेला नाही.

मीही त्याच वाटेने गेलो होतो. ४० अंड्यांचे उबवणी यंत्र घेतले. आषाढात आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, ती नेमकी १८व्या दिवशी रात्रभर गेली आणि पाचच पिल्ले बाहेर आली. त्याच सुमारास गोठ्यातील जुन्या बुट्टीत, भाताच्या पिंजरावर, आमच्या नजरेआड बसलेल्या काळ्या कोंबडीने ११ अंड्यांतून ९ पिल्ले काढली. चारा-पाण्यापुरती ती दिवसातून एकदा, पंधरा-वीस मिनिटे उठते, अंडी चोचीने फिरवते आणि पोटाखालची पिसे झडून उघड्या पडलेल्या कातडीची ऊब २१ दिवस त्यांना देत राहते. आपण करायचे ते फार थोडे: आठवड्याच्या आतली, न धुतलेली दहा-बारा अंडी रात्रीच्या वेळी तिच्याखाली सरकवावीत, उवा होऊ नयेत म्हणून बुट्टीत राख टाकावी आणि शेवटचे तीन दिवस तिला हात लावू नये. (आमच्या घरात हे शेवटचे पथ्य नातवंडांना काही केल्या पाळवत नाही.)

त्यापुढचे दीड-दोन महिने मला उबवणीहूनही मोलाचे वाटतात. आभाळात घार दिसताच कोंबडी एक वेगळाच आवाज काढते आणि पिल्ले घाणेरीच्या जाळीत शिरतात. वाळवी सापडली तर दुसऱ्या आवाजाने ती त्यांना बोलावून घेते. बाजारातून आणलेल्या पिल्लांना हे शिकवणारे कोणी नसते, म्हणून ती घारीच्या आणि मुंगसाच्या तोंडी आधी जातात. बेंगळूरला विकसित झालेल्या गिरिराजा, स्वर्णधारा या जाती वाढीला चांगल्या असल्या तरी त्या क्वचितच खुडूक बसतात. तेव्हा त्या पाळणाऱ्यांनीही दोन-तीन गावठी कोंबड्या दारात ठेवाव्यात आणि कोंबड्याच्या संगतीतली अंडी त्यांच्याखाली बसवावीत.

एका गोष्टीपुढे मात्र कोंबडीची माया चालत नाही, ती म्हणजे मानमोडी अर्थात राणीखेत हा कोंबड्यांचा रोग. पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात लशीचा थेंब आणि आठव्या आठवड्याला इंजेक्शन, हे दोन्ही चुकता कामा नये. अडचण अशी की लशीच्या कुपीत शंभर किंवा त्याहून अधिक मात्रा असतात, आणि कालवलेली लस काही तासांतच वापरून संपवावी लागते. नऊ पिल्लांसाठी ती कोण फोडणार? पशुसंगोपन खात्याने महिन्यातून एक दिवस ठरवून प्रत्येक गावातील सर्वांची पिल्ले एकाच ठिकाणी टोचून घेण्याची सोय करावी, आणि तो दिवस ग्रामपंचायतीच्या फलकावर कन्नडबरोबर मराठीतूनही लिहावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक
ता. खानापूर, जि. बेळगाव