गळती न शोधता दर वेळी फक्त गॅस भरून दिल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: वॉरंटीतील ट्रकच्या एसीची गळती दुरुस्त करून मिळणेबाबत

महोदय,

रावेर-सावद्याची केळी दिल्लीला पोचवणारा मी चालक-मालक आहे. गाडी एकच, चालवतोही मीच. गॅस भरला की केबिनचा एसी आठवडाभर झकास चालतो, मग ब्लोअरमधून नुसता गरम वारा. आपल्या सर्व्हिस सेंटरला गेले की मशीन लावतात, गॅस भरतात आणि बिल हातात ठेवतात. काउंटरवरचे साहेब म्हणतात, "गॅस वॉरंटीत बसत नाही, तो डिझेलसारखा संपतो."

संपतो म्हणजे जातो कुठे? एसीचे सर्किट बंद असते. आर-१३४ए गॅस कॉम्प्रेसरमधून कंडेन्सर, तिथून कूलिंग कॉइल आणि परत कॉम्प्रेसर असा फिरत राहतो. काही वर्षांत थोडा कमी झाला तर समजू शकतो. आठवड्यात रिकामा होतो म्हणजे गळतोच आहे.

मागच्या वेळी हटून बसलो तेव्हा व्हॅक्यूम लावून, म्हणजे पंपाने आतली हवा ओढून, अर्धा तास काटा पाहिला आणि जॉब कार्डावर "लीकेज नाही" असा शेरा मारला. व्हॅक्यूममध्ये पाइपवर बाहेरून जास्तीत जास्त एक बार दाब येतो. मे महिन्याच्या उन्हात एसी चालू असताना कंडेन्सरकडच्या लाइनमध्ये आतून पंधरा बारच्या आसपास असतो. त्या दाबाला उघडणारी फट व्हॅक्यूममध्ये मिटूनच राहणार. नायट्रोजन भरून दाब टिकतो का, हे कोणी पाहिलेच नाही.

शेवटी बऱ्हाणपूर रोडवरच्या एका मिस्त्रीला दाखवले. त्याने एकही नट खोलला नाही, वॉरंटीचा मुद्दा काढू नये म्हणून मुद्दाम सांगतो. केबिन उचलून बॅटरी मारली. कॉम्प्रेसरकडून कंडेन्सरला जाणारा होज (रबरी पाइप) जिथे ॲल्युमिनियमच्या कॉलरमध्ये दाबून बसवलेला आहे, तिथेच धूळ काळी आणि ओशट होती. बाकी सगळीकडे कोरडी. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही फिरते. गॅस उडून जातो, तेल तिथेच राहते. साबणाचे पाणी लावून होज जरा वाकवला तर बुडबुडे आले, सोडला की थांबले. इंजिन हलते, कंडेन्सर जागेवर असतो, त्यामुळे रस्त्यावर हा होज सारखाच वाकत असतो. फोटो सोबत आहेत.

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली आहे. जाहिरातीत आपण ती मोठ्या अक्षरांत छापता, मग ती थंडही राहायला हवी.

तरी तो होज आणि दोन्ही टोकांच्या ओ-रिंगा (सांधा बंद ठेवणाऱ्या रबरी कड्या) वॉरंटीत बदलाव्यात. लाइन उघडणारच आहे, तर लाइनमधली ओल शोषणारा ड्रायरही नवा टाकावा, नाहीतर आत शिरलेली ओल पुढे त्रास देईल. नायट्रोजनचा दाब किती भरला आणि किती वेळ टिकला, हे जॉब कार्डावर लिहावे. गॅसपोटी घेतलेले पैसे परत करावेत. पंधरा दिवसांत काही झाले नाही तर मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ट्रक धंद्याचा म्हणून हात झटकू नका. स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार २०१९ च्या कायद्यात ग्राहकच आहे.

होज स्टॉकला आला की मगच फोन करा. गाडी आणून नुसती दारात उभी करणे मला परवडत नाही.

आपला,
चालक-मालक, रावेर

सोबत: गॅस भरल्याची बिले, जॉब कार्डाची प्रत, होजचे फोटो