फोटोखालचं नाव

चाळीसगाव,
१८ ऑगस्ट

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

संग्रहालयाचं इन्स्टाग्राम आता तुझ्याकडे आलं, हे वाचून फार आनंद झाला. ‘लाइक पुष्कळ येतात, पण माणसं आत येत नाहीत’ असं लिहिलंयस. हे फोनवर नीट बोलता आलं नसतं, म्हणून लिहायलाच बसलो.

आपल्या चाळीसगावच्या छायाचित्रकार केकी मूसांचंच बघ. प्रेयसी पंजाब मेलनं येईल म्हणून ते रोज रात्री दार उघडं ठेवायचे, ही गोष्ट वर्षातून चारदा तरी माझ्या मोबाइलवर येते. ती पुढे पाठवणाऱ्यांतल्या किती जणांनी त्यांचा एखादा टेबलटॉप फोटो निरखून पाहिला असेल? टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडायच्या, उजेड नेमका पाडायचा, की अख्खा देखावा उभा! १९८९ मध्ये ते गेले, पण स्टेशनजवळच्या बंगल्यात ते काम आजही आहे. भाच्याला घेऊन गेलो तेव्हा प्रेमकथा सांगितलीच नाही. ‘हे सगळं केवढ्याशा जागेत मांडलं असेल, सांग,’ एवढंच विचारलं. पोरगं फोटोसमोरून हलेना. घरी येऊन त्यानं परातीत रवा पसरला, टॉर्च आडवी धरली आणि वाळवंटाचा फोटो काढला. २०२० च्या टाळेबंदीत लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयानं लोकांना असंच कामाला लावलं होतं: घरातल्या वस्तू घ्या आणि आवडतं चित्र स्वतः साकारा. लोकांनी चादरी पांघरून, भाज्या मांडून चित्रं उभी केली. तुझ्याकडच्या एखाद्या चित्राचं असं करून बघ.

पण मला खरं सांगायचंय ते नावाबद्दल.

आम्ही काही जण गावोगावचे जुने घरगुती फोटो गोळा करतोय. त्यात कानबाईच्या, म्हणजे आपल्या खान्देशातल्या देवीच्या, सणाचा एक मिळाला. पुठ्ठ्यावर चिकटवलेला, एक कोपरा वाळवीनं खाल्लेला. नऊवारीतल्या चार बायका. कडेची नेमकी हलली, त्यामुळे चेहरा पुसट, हात मात्र स्पष्ट. ‘कानबाईच्या उत्सवातील खान्देशी स्त्रिया’ असं लिहून आम्ही तो फेसबुकवर टाकला. आठवडाभर सामसूम. मग गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसतं विचारलं, ‘या कोण?’ रात्री एका म्हातारीचा आवाज आला, ‘हाई कडेनी मन्ही माय शे. तिना हात दखा.’ हातातल्या गोठावरून तिनं आई ओळखली होती! तिच्यामुळे आणखी दोघींची नावं कळली. ती खाली लिहून फोटो शाळेत मांडला, तर गल्लीच्या गल्ली बघायला लोटली. येताना घरच्या ट्रंकांतले फोटो घेऊन आली.

इंग्रजांनी १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे ८ खंड काढले. त्यात माणसं बहुतेक जातीजमातीचे नमुने म्हणून छापलीत. आमची पहिली ओळ त्याच पठडीतली होती, हे मला उशिरा उमगलं.

याहून जड गोष्ट सांगतो, तुला कधी बोललो नव्हतो. सातपुड्याच्या पायथ्याशी ज्या संस्थेत मी होतो, तिनं देणग्यांसाठी पावरा या आदिवासी जमातीतल्या एका मुलीचा रडका फोटो ‘उपाशी’ म्हणून टाकला. मुलगी पायात काटा मोडला म्हणून रडत होती. फोटो मीच काढला होता, आणि खालची ओळ वाचूनही मी गप्प राहिलो. पैसे आले. पुढे नंदुरबारला शिकणाऱ्या तिच्या भावाला तो मित्राच्या मोबाइलवर दिसला. तो माझ्याकडे आला, म्हणाला, ‘तिला विचारलं होतं का?’ फोटो काढून टाकला रे, पण लोकांच्या मोबाइलमधून कसा काढणार?

पत्रकार पी. साईनाथांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारतावरच्या वेबसाइटवर चेहऱ्यांचं एक दालन आहे, ते बघ. चेहऱ्याबरोबर नाव, गाव, काम. तुझ्या संग्रहातल्या आदिवासी फोटोंखाली आज काय लिहिलंय, ते आधी तपास. आणि नवा फोटो टाकण्याआधी खालची ओळ त्या माणसाला त्याच्या बोलीत वाचून दाखव.

सोबत कानबाईचा तो फोटो पाठवतोय. डावीकडून दुसरीचं नाव अजून लागलेलं नाही. तुझ्या आजीचं माहेर त्याच गावचं ना? तिला दाखव. ती जे बोलेल ते लिहून घेऊ नकोस, तिच्याच आवाजात रेकॉर्ड कर आणि पाठव.

आजीला माझा नमस्कार सांग.

तुझाच,
चाळीसगावकर