वर्षाला एक डॉलर

प्रिय मकरंद,

कॉलेजच्या बेसबॉल कोचचं पोट कशावर चालतं, असं विचारलंस. रॉड डेडोचं चाललं ट्रकांवर! लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात (यूएससी) तो १९४२ ते १९८६ कोच होता, पण पगार नावापुरता, वर्षाला एक डॉलर. घर चालायचं 'डार्ट' या त्याच्या मालवाहतूक कंपनीवर. ती त्याने ५०० डॉलरांत सुरू केलेली. नोकरी गेली तर काय, ही धास्तीच नाही. त्याच्या बिनधास्तपणाचं निम्मं श्रेय मी तरी ट्रकांना देतो.

खेळाडू म्हणून बेताचाच. १९३५ मध्ये ब्रुकलिन डॉजर्स या व्यावसायिक संघाकडून दोन सामने, एक हिट (बेस गाठून देणारा फटका), खेळ खलास. पण तिथला मॅनेजर केसी स्टेंगल त्याचा जन्माचा दोस्त झाला.

आपल्याला वाटतं कोच म्हणजे फटके शिकवणारा. कॉलेजात घाम निघतो तो फेकीवर. समज, सेकंड बेसवर (चार टप्प्यांतला दुसरा; शेवटचा, होम प्लेट, गाठला की रन) रनर आहे आणि बॉल राइट फिल्डला, म्हणजे मैदानाच्या उजव्या टोकाला, गेला. फर्स्ट बेसमन, म्हणजे पहिल्या बेसचा फिल्डर, फेक आणि होम प्लेट यांच्या रेषेत मध्ये हात वर करून उभा राहतो. फेक त्याच्या डोक्याच्या उंचीने यायला हवी. होम प्लेटमागचा कॅचर ओरडेल तसा तो बॉल जाऊ देतो, नाहीतर अडवून सेकंडला फिरवतो. पोरं जोशात उंच फेकतात. मग मधल्याला बॉल अडवताच येत नाही. रन तर जातोच, वर फटका मारणारा फुकटात सेकंडवर जाऊन बसतो.

कोणाला कुठे उभं करायचं, हे त्याहून अवघड. डेव्ह किंगमन पिचर (बॉल टाकणारा) म्हणून आला होता, डेडोने त्याला आउटफिल्डला, म्हणजे बेसच्या मागच्या मैदानात, धाडलं. पिचरला दोन सामन्यांत काही दिवस विश्रांती द्यावीच लागते, बॅट मात्र रोज चालते. पुढे मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या वरच्या व्यावसायिक लीगमध्ये, किंगमनने ४४२ होम रन (आपल्या षटकारासारखे) ठोकले.

डेडोच्या नावावर कॉलेज बेसबॉलची अकरा राष्ट्रीय विजेतेपदं, त्यातली पाच १९७० ते ७४ सलग. पण सांगण्यासारखी ओमाहातली १९७३ची सेमीफायनल. समोर मिनेसोटा विद्यापीठाचा पिचर डेव्ह विनफिल्ड. नऊपैकी आठ इनिंगमध्ये १५ स्ट्राइकआउट (बॉल न लागताच बाद), यूएससीला एकच हिट, तोही बेसच्या आतल्या भागातला. नववीला मिनेसोटा ७-० ने पुढे. पण पिचर दमला की बॉल खाली राहत नाही, वर तरंगतो, आणि कर्व्ह (वळणारा बॉल) वळायचा थांबतो. यूएससीच्या बॅट बॉलला लागायला लागल्या. विनफिल्डला लेफ्ट फिल्डला, मैदानाच्या डाव्या टोकाला, पाठवलं (बेसबॉलमध्ये पिचर बदलला तरी तो दुसऱ्या जागी खेळू शकतो), आणि तिथून त्याने उरलेलं बघितलं. यूएससीचे त्याच इनिंगमध्ये आठ रन, ८-७. फायनलला ॲरिझोना स्टेट यूएससीकडून ४-३ ने हरली.

बाकी फोनवर. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुधीर