इंग्रजीतल्या 'मी'ला घाबरायचे कारण नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात दर आठवड्याला इंग्रजी व्याकरणाची जी छोटी चौकट येते, ती मी नेमाने वाचते आणि माझ्याकडे संध्याकाळी इंग्रजी शिकायला येणाऱ्या नोकरदार मंडळींना कापून देते. गेल्या वेळची चौकट मात्र मी कोणाला दिली नाही. सर्वनामांवरच्या त्या मजकुरात म्हटले होते की, दुसऱ्या कोणाबरोबर स्वतःचा उल्लेख करायचा असेल तर नेहमी 'आय' वापरावे. 'मी' वापरणे अशुद्ध आणि असभ्य दिसते. (या पत्रात अवतरणचिन्हांत एकटे 'मी' येईल ते इंग्रजी समजावे, बाकीचे आपले मराठी.) हा नियम चुकीचा आहे. तो इतक्या जणांच्या डोक्यात इतका पक्का बसला आहे की त्यावर सविस्तर लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

'आय' कर्त्याच्या जागी येतो, 'मी' कर्माच्या जागी आणि 'बिट्वीन', 'फॉर', 'विथ' यांसारख्या प्रिपोझिशननंतर. शेजारी आणखी कोणी आले म्हणून यात काहीही बदलत नाही. 'शी इन्व्हायटेड माय सिस्टर अँड आय' हे वाक्य कानाला भारदस्त वाटते, पण त्यातली बहीण काढून टाका. 'शी इन्व्हायटेड आय' असे कोणी म्हणेल का? मग बहीण आल्यावर तरी तिथे 'आय' कसा चालेल? 'मी अँड माय ब्रदर वेंट' यातला भाऊ काढला की 'मी वेंट' उरते आणि चूक उघडी पडते. सोबतचा माणूस बाजूला करून वाक्य म्हणून पाहणे, एवढी ही परीक्षा आहे. कोणताही तक्ता पाठ नसलेला माणूसही ती करू शकतो. 'बिट्वीन यू अँड आय' हेही याच कारणाने चूक. तिथे 'बिट्वीन यू अँड मी' हवे. चौकटीत नेमके हेच वाक्य 'आय' घालून सुधारलेले होते, म्हणजे बरोबर वाक्य चुकीचे करून छापले गेले.

'मी'ची ही धास्ती येते कुठून? माझ्याकडे येणाऱ्यांना विचारले की जवळजवळ सगळे एकच हकिकत सांगतात. शाळेत 'मी अँड माय फ्रेंड' म्हटल्यावर ओरडा बसला. तिथे 'मी' कर्त्याच्या जागी आला होता म्हणून चूक, हे कारण कोणी समजावले नाही. मूल एवढेच शिकले की 'मी' हा शब्द वाईट, 'आय' चांगला. पुढे कार्यालयात गेल्यावर 'आय'चाही भरवसा वाटेनासा झाला, की ती व्यक्ती 'मायसेल्फ'च्या आडोशाला जाते. 'प्लीज कॉन्टॅक्ट मायसेल्फ', 'द मॅनेजर अँड मायसेल्फ व्हिजिटेड द साइट', आणि ओळख करून देताना थेट 'मायसेल्फ'पासून सुरुवात. 'मायसेल्फ'ला भाषेत स्वतःचे काम आहे. कर्ता आणि कर्म एकच असेल तेव्हा, म्हणजे 'आय हर्ट मायसेल्फ', किंवा जोर द्यायचा असेल तेव्हा, म्हणजे 'आय चेक्ड द अकाउंट्स मायसेल्फ'. 'आय' की 'मी' हा प्रश्न टाळण्यासाठी तो शब्द केलेला नाही. आपल्या चौकटीतल्या त्या एका ओळीने ही भीती आणखी घट्ट होते, म्हणून माझी तक्रार.

पण संपादक महोदय, माझी खरी कळकळ याच्याही पुढची आहे. 'आय' आणि 'मी'ची गल्लत झाली तरी वाचणाऱ्याला अर्थ कळतो. सर्वनाम नेमके कोणाकडे बोट दाखवते हे कळले नाही तर अर्थच हातचा जातो, आणि त्याबद्दल शाळेत, क्लासमध्ये, सदरांत, कुठेही कोणी बोलत नाही.

माझी सगळी नोकरी एका कार्यालयाच्या पत्रव्यवहार विभागात गेली. बाहेर जाणारी इंग्रजी पत्रे तपासून पुढे पाठवणे हे माझे काम. त्यातले एक वाक्य मला आजही तोंडपाठ आहे. 'युवर ब्रदर मेट अवर एजंट लास्ट वीक, अँड ही हॅज अग्रीड टू बेअर द कॉस्ट ऑफ द रिपेअर्स.' व्याकरणाने यात बोट ठेवायला जागा नाही. 'ही' कर्त्याच्या जागी आहे, पुरुषासाठी आहे, एकवचनी आहे, क्रियापद जुळते आहे. शाळेच्या पेपरात पैकीच्या पैकी गुण मिळतील. पण दुरुस्तीचा खर्च सोसायला तयार कोण झाला, भाऊ की एजंट? लिहिणाऱ्याच्या मनात भाऊ होता. पत्र ज्यांना गेले त्यांनी एजंट असे वाचले आणि निश्चिंत झाले. त्यांचे वाचनही तितकेच बरोबर, कारण 'ही'च्या लगेच आधी एजंटच उभा आहे. मग खुलासे, त्यावर उलट खुलासे, आणि दोन्ही बाजू तेच पत्र पुरावा म्हणून जोडत राहिल्या. 'ही'च्या जागी 'युवर ब्रदर' एवढे दोन शब्द पुन्हा लिहिले असते तर यातले काहीही घडले नसते.

नाम पुन्हा लिहिणे म्हणजे भाषा कच्ची असल्याचे लक्षण, असे आपल्याकडे शिकवले जाते. 'तोच शब्द परत परत नको, सर्वनाम वापरा' हा शेरा निबंधाच्या वहीत ठरलेला. कायद्याचे मसुदे करणारे लोक याच्या बरोबर उलट वागतात. घर भाड्याने देण्याचा कोणताही करार काढून पाहा, 'मालक' आणि 'भाडेकरू' हे शब्द ओळीओळीला येतात. वाचायला रुक्ष वाटते खरे, पण कोणी काय करायचे याविषयी शंका राहत नाही. निबंधात सर्वनाम शोभून दिसते. जिथे दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया एकाच वाक्यात आहेत आणि पुढे पैशाचा किंवा जबाबदारीचा विषय आहे, तिथे मात्र नाम बिनदिक्कत परत लिहावे, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते.

मराठी माणसाने इथे जास्त सावध राहायला हवे, कारण मराठी जे आपोआप सांगते ते इंग्रजी सांगत नाही. 'रमेशने सुरेशला आपली वही दिली' म्हटले की वही रमेशची, आणि 'त्याची वही दिली' म्हटले की ती सुरेशची किंवा तिसऱ्याच कोणाची. इंग्रजीत दोन्हीकडे 'हिज नोटबुक'. आपल्या मनात 'आपली' असते, कागदावर 'हिज' उतरते, आणि वाचणाऱ्याला 'त्याची' दिसते. 'वी'चेही असेच आहे. 'आपल्याला शुक्रवारपर्यंत कागदपत्रे द्यायची आहेत' आणि 'आम्हाला द्यायची आहेत' यांतला फरक मराठीत लहान मुलालाही कळतो. 'वी हॅव टू सबमिट द पेपर्स बाय फ्रायडे' या वाक्यात मात्र ऐकणारा धरला आहे की वगळला आहे, हे शब्दांवरून कळायला काही मार्ग नाही. सभेनंतर कामे वाटून देणाऱ्या ईमेलमध्ये असा एक 'वी' असला की प्रत्येकाला वाटते, दुसरा कोणी कागदपत्रे देणार आहे. तिथे नावच लिहावे.

'इट' आणि 'धिस' यांचा त्रास आणखी गुपचूप होतो. 'रिमूव्ह द कव्हर फ्रॉम द फिल्टर अँड वॉश इट.' धुवायचे काय, झाकण की फिल्टर? यंत्राची माहितीपत्रके लिहिणाऱ्यांच्या मनात उत्तर असते, वाचणाऱ्याच्या हातात मात्र दोन्ही वस्तू असतात. मोठ्या परिच्छेदानंतर 'धिस इज नॉट अ‍ॅक्सेप्टेबल' असे लिहिले की नेमके काय मान्य नाही, उशीर, रक्कम की बोलण्याची पद्धत, हे शोधत बसावे लागते. 'धिस डिले' म्हणावे, प्रश्न मिटतो.

याउलट काही ठिकाणी आपण सर्वनाम गाळतो, कारण मराठीत ते गाळलेलेच बरे वाटते. 'सिनेमा पाहिलास का?' 'हो, आवडला.' त्यावरून 'येस, आय लाइक्ड' येते आणि 'इट' राहून जातो. वडिलांना किंवा सरांना आपण 'ते' म्हणतो, म्हणून मुले 'माय फादर'च्या पुढच्या वाक्यात 'दे' लिहितात. आदर मनात असतो, पण इंग्रजीत तो सर्वनामात दिसत नाही, हे मुलाला न रागावता सांगितले की ते कायमचे लक्षात राहते.

'इट्स'मधल्या अपॉस्ट्रॉफीविषयी, म्हणजे अक्षराच्या वर येणाऱ्या स्वल्पविरामासारख्या चिन्हाविषयी, चौकटीत दिलेला नियम बरोबर आहे, त्यावर थोडीच भर घालते. 'हिज', 'हर्स', 'अवर्स', 'युअर्स', 'देअर्स' यांतल्या एकालाही ते चिन्ह लागत नाही, मग मालकी दाखवणाऱ्या 'इट्स'लाच कसे लागेल? चिन्ह असेल तर ते 'इट इज' किंवा 'इट हॅज' यांचे आखूड रूप. हा मालकीवाचक 'इट्स' तसा नवा शब्द आहे. तो सोळाव्या शतकाच्या अखेरीस रूढ होऊ लागला. त्याआधी निर्जीव वस्तूंसाठीही 'हिज' वापरत.

चौकटीतल्या शेवटच्या मुद्द्याला माझा मनापासून विरोध आहे. 'एव्हरीवन शुड ब्रिंग देअर बुक' हे वाक्य तिथे चूक ठरवले होते, 'देअर'च्या जागी 'हिज' हवे म्हणून. व्यक्ती कोण हे ठाऊक नसताना एकवचनात 'दे' आणि 'देअर' वापरण्याची रीत इंग्रजीत चौदाव्या शतकापासून आहे. सर्वांसाठी 'ही' हा आग्रह धरला तो व्याकरणकारांनी, पुष्कळ नंतर. ब्रिटिश संसदेने 1850 मध्ये कायदाच केला की अधिनियमांतल्या पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही धराव्यात. त्यामुळे कायद्यांची भाषा आखूड झाली असेल, पण वर्गात बसलेल्या मुलीला 'हिज बुक' वाचताना आपण त्यात आहोत असे का वाटावे? अनेकवचनी सर्वनाम एकाला कसे लावायचे, या शंकेचे उत्तर 'यू' या शब्दातच आहे. तोही मुळात अनेकवचनीच. एकट्यासाठी 'दाऊ' होता. तो सतराव्या शतकात प्रमाण बोलीतून मागे पडला आणि 'यू' दोन्हीकडे चालू लागला. आज एका माणसाला 'यू आर' म्हणताना कोणी अडखळत नाही. 'दे आर'ही तसेच.

आता तर स्वतःला पुरुष किंवा स्त्री या चौकटीत न बसवणारे अनेक जण आपल्यासाठी 'दे' वापरावे असे सांगतात. मेरियम-वेबस्टर शब्दकोशाने 2019 मध्ये हा अर्थ नोंदवला आणि त्याच वर्षी 'दे'ला वर्षाचा शब्द म्हणून निवडले. संशोधनलेखांसाठी जगभर वापरली जाणारी अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची लेखनसंहिता 2019 च्या सातव्या आवृत्तीपासून एकवचनी 'दे'ची शिफारस करते. एखाद्याने आपल्याला कसे संबोधावे हे सांगितले असेल तर तसे संबोधणे ही मला साधी माणुसकी वाटते. परीक्षक जुन्या मताचा असेल अशी धास्ती असली, तर विद्यार्थ्याने 'ऑल स्टुडंट्स शुड ब्रिंग देअर बुक्स' असे अनेकवचन करावे. त्यात कोणाला खोट काढता येणार नाही आणि 'हिज'ही लिहावा लागणार नाही.

आपली चौकट परीक्षेला बसणारी मुले वाचतात, मुलाखतीला जाणारे वाचतात, आणि छापून आले म्हणजे बरोबरच असणार असे मानतात. म्हणून 'बिट्वीन यू अँड मी'ची दुरुस्ती त्याच जागी, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावी ही विनंती. शिवाय पुढचे दोन-तीन आठवडे तक्त्यांऐवजी 'हा 'ही' कोण?', 'हे 'इट' कशाला?' असे विचारणारी वाक्ये द्यावीत. नोकरीतल्या पत्रांतली अशी पुष्कळ वाक्ये, नावे आणि तपशील वगळून, मी एका वहीत उतरवून ठेवली आहेत. सदरकर्त्यांना हवी असतील तर ती वही पाठवते.

आपली,
एक नियमित वाचक
(निवृत्त, पत्रव्यवहार विभाग)